निकालपत्रक आणि जनरल रजिस्टर : सातारा व मुंबई येथील दोन सरकारी शाळांचा तुलनात्मक विचार

प्रस्तावना

दोन शाळांची तुलना करावयाची झाल्यास सामान्यतः निकालाची टक्केवारी प्रमाण मानली जाते. जिचा निकाल अधिक ती शाळा चांगली, हे समीकरण पालकांच्या, प्रशासनाच्या आणि पुष्कळदा शिक्षकांच्याही मनात पक्के झालेले असते. परंतु प्रत्येक शाळेच्या कार्यालयात निकालपत्रकाखेरीज आणखी एक महत्त्वाचा दस्तऐवज असतो. तो म्हणजे जनरल रजिस्टर. विद्यार्थ्याचे नाव, धर्म व जात, मातृभाषा, जन्मस्थान, जन्मतारीख, आधीची शाळा, प्रवेशाची तारीख, शाळा सोडल्याची तारीख व कारण एवढा तपशील त्यात एका ओळीत नोंदलेला असतो. दाखला देण्यापुरते हे रजिस्टर उघडले जाते आणि पुन्हा कपाटात ठेवले जाते. शाळेत कोण आले, कोठून आले आणि केव्हा निघून गेले, हे मात्र निकालपत्रक सांगत नाही. ते या रजिस्टरातच सापडते.

मीरा-भाईंदरसारख्या झपाट्याने वाढलेल्या शहरात हा मुद्दा विशेष महत्त्वाचा ठरतो. १९९१ च्या जनगणनेत १,७५,६०५ असलेली येथील लोकसंख्या २००१ मध्ये ५,२०,३८८ झाली. दहा वर्षांत जवळजवळ तिप्पट झालेल्या नगरात महापालिकेच्या शाळा मराठी, हिंदी, उर्दू व गुजराती अशा निरनिराळ्या माध्यमांतून चालतात. यांपैकी कोणत्याही दोन शाळा शेजारी ठेवून ‘सरस कोणती?’ असे विचारले, तर उत्तर शिक्षकांच्या कामगिरीत शोधायचे की पटावरील मुलांच्या घरांत, हा पेच उभा राहतो. हा पेच आजचा नाही. महाराष्ट्राच्या शैक्षणिक इतिहासात त्याचे सर्वांत बोलके उदाहरण दोन सरकारी हायस्कुलांच्या रूपाने उपलब्ध आहे. साताऱ्याचे सरकारी हायस्कूल, म्हणजे आजचे छत्रपती प्रतापसिंह हायस्कूल, आणि मुंबईचे एल्फिन्स्टन हायस्कूल या त्या दोन शाळा होत. एकाच शिक्षण खात्याच्या अंमलाखाली असलेल्या आणि एकाच विद्यापीठाच्या परीक्षेला विद्यार्थी बसविणाऱ्या या दोन शाळांत एक विद्यार्थी समान आहे. त्यामुळे त्यांची तुलना आकड्यांच्या पलीकडे जाऊन करता येते.

येथे ‘सार्वजनिक शाळा’ हा शब्द शासनाच्या अथवा स्थानिक स्वराज्य संस्थेच्या खर्चाने चालणारी शाळा याच अर्थाने घेतला आहे. आपल्या नगरांत ‘पब्लिक स्कूल’ ही पाटी बहुधा भरपूर शुल्क घेणाऱ्या खाजगी शाळेवर आढळते, आणि २०२० मध्ये मुंबई महापालिकेलाही आपल्या शाळांना ‘मुंबई पब्लिक स्कूल’ असे नाव द्यावेसे वाटले. शब्दाचा हा उलटा प्रवास स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे.

दोन शाळा, दोन नगरे

साताऱ्याची शाळा राजधानीच्या वाड्यात भरते. छत्रपती प्रतापसिंह महाराजांनी १८२४ मध्ये बांधलेला जुना राजवाडा ही तिची वास्तू होय. प्रतापसिंह महाराजांना विद्येची आवड होती. मराठी व संस्कृतबरोबर इंग्रजीच्याही शिक्षणाची सोय त्यांनी साताऱ्यात केली होती. १८३९ मध्ये त्यांना पदच्युत करून काशीस पाठविण्यात आले आणि तेथेच १८४७ मध्ये त्यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी डलहौसीच्या धोरणानुसार सातारा संस्थान खालसा करण्याचा निर्णय झाला. राज्य गेले, वाडा राहिला. १८५१ पासून इंग्रज सरकारची शाळा येथे नांदू लागली, आणि शंभर वर्षांनी, १९५१ मध्ये, तिला त्याच राजाचे नाव देण्यात आले. जिल्ह्याच्या ठिकाणचे एकमेव सरकारी हायस्कूल म्हणून कारकून, मामलेदार, वकील आणि शिक्षक घडविणे हे तिचे व्यावहारिक कार्य होते. सातारा शहराची वस्ती १९०१ मध्ये सुमारे २६ हजार होती आणि जिल्ह्याची साडेअकरा लाखांच्या आसपास. जिल्हा कुणब्यांचा व मराठ्यांचा होता. तथापि हायस्कुलाचे वर्ग मुख्यतः नोकरपेशातील आणि लेखणीवर जगणाऱ्या ब्राह्मण घरांतून भरत.

एल्फिन्स्टनची घडण याहून निराळी झाली. बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीने चालविलेल्या इंग्रजी शाळेपासून तिची परंपरा सुरू होते. सदाशिव काशिनाथ छत्रे आणि त्यांच्यानंतर बाळशास्त्री जांभेकर हे या सोसायटीचे एतद्देशीय कार्यवाह होते. १८२७ मध्ये गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन निवृत्त झाले, तेव्हा त्यांच्या स्मारकासाठी मुंबईच्या नागरिकांनी दोन लाखांहून अधिक रुपयांचा निधी उभा केला. त्यातून प्राध्यापकपदे निर्माण झाली आणि पुढे एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशन आकारास आले. १८५६ मध्ये तिचे कॉलेज व हायस्कूल असे दोन भाग झाले. दादाभाई नौरोजी हे या इन्स्टिट्यूशनचे विद्यार्थी. महादेव गोविंद रानडे १८५६ मध्ये कोल्हापुराहून येऊन येथे दाखल झाले. रत्नागिरीचे रामकृष्ण गोपाळ भांडारकरही येथलेच. १८६२ मध्ये मुंबई विद्यापीठाचे पहिले चार पदवीधर झाले, त्यांपैकी रानडे, भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक ही चारही नावे एल्फिन्स्टनशी निगडित आहेत. यांतील मोडक पुढे एल्फिन्स्टन हायस्कुलाचेच मुख्याध्यापक झाले. सर अल्बर्ट ससून यांच्या देणगीच्या साहाय्याने उभारलेली भव्य इमारत, शिष्यवृत्त्या आणि हाकेच्या अंतरावरील कॉलेज अशी साधनसंपत्ती मुंबई इलाख्यातील फार थोड्या शाळांच्या वाट्याला आली.

विद्यार्थीवर्गातही हे अंतर होते. १९०१ मध्ये मुंबईची लोकसंख्या ७,७६,००६ होती. तीत पारशी सुमारे ४६ हजार, म्हणजे सहा टक्के इतकेच होते. पण एल्फिन्स्टनच्या वर्गांत त्यांचे प्रमाण याहून कितीतरी अधिक असे. त्यांच्याबरोबर पाठारे प्रभू, सारस्वत, गुजराती वाणी व ब्राह्मण कुटुंबांतील मुले बसत. मुसलमान विद्यार्थी कमी होते. येथील वर्ग साताऱ्यापेक्षा अधिक भाषांचा आणि अधिक धर्मांचा होता, हे खरे. तो सर्वांचा होता, असे मात्र म्हणता येत नाही.

शाळा कोणासाठी?

सरकारी शाळेत कोणी बसावे, यावर एकोणिसाव्या शतकात स्पष्ट वाद झाले आहेत. १८४० मध्ये स्थापन झालेल्या बोर्ड ऑफ एज्युकेशनचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी यांच्या मते उपलब्ध पैसा तुटपुंजा होता, म्हणून तो वरिष्ठ वर्गांच्या इंग्रजी शिक्षणावर खर्च करणे श्रेयस्कर होते. ज्ञान वरून खाली झिरपेल, अशी त्यामागची अपेक्षा होती. मंडळातील जगन्नाथ शंकरशेट व त्यांचे एतद्देशीय सहकारी यांनी देशी भाषांतील शिक्षणाची बाजू घेतली आणि १८४७ च्या सुमारास हा मतभेद तीव्र झाला. वरवर माध्यमाचा दिसणारा हा वाद मुळात विद्यार्थीवर्गाचा होता. इंग्रजीतून मोजक्यांना शिकवायचे की मराठी-गुजरातीतून पुष्कळांना, हा निर्णय झाला की वर्गात कोण दिसणार हेही ठरत होते.

यानंतर १८५६ चे धारवाडचे प्रकरण आले. एका महार मुलाने तेथील सरकारी शाळेत प्रवेश मागितला. तो नाकारला गेल्यावर त्याने मुंबई सरकारकडे अर्ज केला. न्याय अर्जदाराच्या बाजूने आहे हे सरकारने मान्य केले. तथापि एका मुलासाठी शाळेतील इतर सर्व मुलांचा विरोध ओढवून घेणे इष्ट नाही, असे ठरवून अर्ज फेटाळला. हिंदुस्थान सरकारला ही भूमिका पटली नाही. १८५८ मध्ये कोर्ट ऑफ डायरेक्टर्सनेही सरकारी शाळा सर्व वर्गांना सारख्याच खुल्या असल्याचा निर्वाळा दिला. कागदावर प्रश्न सुटला. वर्गात तो तसाच राहिला, कारण दार उघडे असणे आणि आत जाऊन बाकावर बसता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

१८८२ च्या हंटर आयोगाच्या काळातील आकडे या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. मुंबई इलाख्यातील प्राथमिक शाळांत ब्राह्मण विद्यार्थी सुमारे २० टक्के होते, माध्यमिक टप्प्यात ३० टक्के, हायस्कुलात ४० टक्के आणि कॉलेजात ५० टक्के. याच चढणीवर मुसलमानांचे प्रमाण प्राथमिक शाळांतील साडेबारा टक्क्यांवरून हायस्कुलात सुमारे दोन टक्क्यांवर घसरले होते. अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींची मुले प्राथमिक शाळांतच एक टक्क्याहून कमी होती. माध्यमिक टप्प्यात साऱ्या इलाख्यात अवघी १७ आणि कॉलेजात एकही नाही. या आकड्यांसमोर एखाद्या हायस्कुलाचा मॅट्रिकचा निकाल उत्तम लागला याचा अर्थ काय घ्यावा? गाळणी आधीच पुरी झाली होती. परीक्षेने फक्त उरलेल्यांचा क्रम लावला.

महात्मा जोतीराव फुले यांनी ऑक्टोबर १८८२ मध्ये याच आयोगाला दिलेल्या निवेदनात नेमके या गाळणीवर बोट ठेवले. सरकारी महसुलाचा मोठा भाग शेतकऱ्यांच्या श्रमातून येतो आणि तो खर्च मात्र वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणावर होतो, म्हणून बारा वर्षांपर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, ही त्यांची मागणी होती. फुल्यांच्या घराण्याचे मूळ गाव कटगुण आणि सावित्रीबाईंचे माहेर नायगाव, ही दोन्ही सातारा जिल्ह्यात मोडतात. ज्या शेतकऱ्यांची बाजू ते मांडत होते, त्यांची मुले साताऱ्याच्या हायस्कुलात विरळाच दिसत.

रजिस्टरातील क्रमांक १९१४

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात इंग्रजी पहिलीच्या वर्गात भिवा रामजी आंबेडकर हे नाव दाखल झाले. रजिस्टरातील नोंदीचा क्रमांक १९१४. महाराष्ट्रातील शाळांच्या रजिस्टरांमधील ही बहुधा सर्वाधिक प्रसिद्ध ओळ असावी. २०१७ मध्ये राज्य शासनाने हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून घोषित केला.

ही नोंद शक्य कशी झाली, हे पाहणे अगत्याचे आहे. तिचे श्रेय शाळेच्या औदार्याला देता येत नाही. तिचा उगम लष्करी लोकसंख्येत आहे. वडील रामजी सकपाळ हे लष्करात सुभेदार होते आणि लष्करी शाळेत त्यांनी मुख्याध्यापक म्हणून दीर्घकाळ काम केले होते. पलटणीत सैनिकांच्या मुलांना शिक्षण मिळे. त्यामुळे या घरात अक्षर आधीच पोहोचलेले होते. दापोली, सातारा अशा ठिकाणी लष्करातून निवृत्त झालेल्या महार कुटुंबांच्या वसाहती होत्या. १८९० च्या दशकाच्या आरंभी सरकारने महारांची लष्करभरती थांबविली आणि या वसाहतींचा आधारच तुटला. गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ मध्ये या अन्यायाविरुद्ध अर्ज सिद्ध केला, तो याच निवृत्त सैनिकांच्या समाजातून. म्हणजे १९०० मधील ही नोंद एका मिटत चाललेल्या वाटेवरून झालेली आहे. दहा-वीस वर्षे उशिरा जन्मलेल्या दुसऱ्या एखाद्या सुभेदारपुत्राला ती वाट मिळाली नसती, कारण त्याचा बाप सुभेदारच झाला नसता.

शाळेतील अनुभव डॉ. आंबेडकरांनी १९३० च्या दशकात लिहिलेल्या आत्मकथनपर टिपणांत नमूद केला आहे. इतर मुलांत गुणानुक्रमे बसण्याची त्यांना मुभा नव्हती. वर्गाच्या कोपऱ्यात स्वतंत्र बसावे लागे. बसण्यासाठी गोणपाट घरून आणायचे आणि संध्याकाळी परत न्यायचे, कारण शाळेचा झाडलोट करणारा गडी त्याला हात लावीत नसे. नळाला स्वतः स्पर्श करता येत नसे. शिपाई असेल तर पाणी, नसेल तर तहान. गुणानुक्रमे बसण्याचा उल्लेख येथे विशेष लक्षात घ्यावा लागतो. त्या काळच्या शाळांत वर्गातील जागा हेच रोजचे निकालपत्रक होते. ज्या मुलाची जागा जातीने ठरलेली आहे, त्याची गुणवत्ता वर्गात दिसण्याची व्यवस्थाच नव्हती.

१९०४ मध्ये कुटुंब मुंबईत आले. लोअर परळच्या चाळीतील एका खोलीत बिऱ्हाड होते. काही काळ मराठा हायस्कुलात शिकल्यानंतर हा विद्यार्थी एल्फिन्स्टन हायस्कुलात दाखल झाला. साधने, शिक्षक आणि लौकिक या सर्व बाबतींत ही शाळा साताऱ्याहून वरचढ होती. वर्गही बहुधर्मी होता. तरीही त्याला फळ्यावर गणित सोडविण्यास बोलावले, तेव्हा फळ्यामागे ठेवलेले आपले डबे बाटतील म्हणून मुले ते हलविण्यास धावली, असा प्रसंग चरित्रकारांनी नोंदविला आहे. हायस्कुलाच्या काळात संस्कृत घेण्याची इच्छा असूनही ते शिकविण्यास नकार मिळाला आणि नाइलाजाने फारसी घ्यावी लागली. मोठे बंधू आनंदराव यांनाही हाच अनुभव आला होता.

संस्कृतचा हा नकार केवळ भावनिक दुखावणीचा प्रसंग म्हणून सांगितला जातो. तुलनेच्या दृष्टीने त्याचे महत्त्व त्याहून मोठे आहे. मॅट्रिकला संस्कृतात सर्वोच्च गुण मिळविणाऱ्यास मिळणारी जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती ही शाळेच्या गुणवत्तेची सर्वमान्य खूण होती, आणि शाळा तिचा अभिमानाने उल्लेख करीत. ज्या विषयाच्या वर्गातच काही मुलांना बसू दिले जात नाही, त्या विषयातील यश शाळेची गुणवत्ता दाखविते की तिच्या प्रवेशाची कडा? बहुजनांच्या शिक्षणासाठी पेरीशी वाद घालणाऱ्या शंकरशेटांचे नाव या मापाला जोडलेले असावे, हा इतिहासाचा योगायोग काहीसा बोचरा आहे.

१९०७ चा निकाल कोणाच्या खात्यावर?

१९०७ मध्ये भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले. ७५० पैकी २८२ गुण मिळाले. टक्केवारीच्या भाषेत हे ३७.६ होतात. आजच्या एखाद्या मुख्याध्यापकाने हा गुणपत्रकाचा तुकडा नावाशिवाय पाहिला, तर ‘सर्वसाधारण’ असा शेरा मारून तो बाजूला ठेवील. त्या वेळच्या समाजाने मात्र तो आकडा नीट वाचला. मुंबईत अभिनंदनाची सभा झाली, सीताराम केशव बोले अध्यक्ष होते आणि कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्या तरुणास भेट दिले. केळुसकर विल्सन हायस्कुलात शिक्षक होते, म्हणजे तिसऱ्याच शाळेचे. चर्नी रोडच्या बागेत एकटा वाचत बसणारा हा मुलगा त्यांच्या नजरेस पडला होता. पुढे बडोद्याचे सयाजीराव महाराज यांची दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली, तीही त्यांच्याच मध्यस्थीने.

शाळांच्या तुलनेत या निकालाची नोंद कशी व्हावी? परीक्षेस बसविणारी शाळा एल्फिन्स्टन असल्याने हे यश तिच्या आकड्यात मोडले. इंग्रजीचा पाया मात्र चार वर्षे साताऱ्यात घातला गेला होता. साताऱ्याच्या रजिस्टरात शाळा सोडल्याची नोंद झाली आणि तिच्या हिशेबातून हा विद्यार्थी वजा झाला; गळती व स्थलांतर हे दोन्ही एकाच रकान्यात जातात. पहाटे दोनला उठवून मुलाला अभ्यासाला बसविणारे वडील, शिक्षण सोडून नोकरी धरणारा मोठा भाऊ आणि बागेत भेटलेला परक्या शाळेचा शिक्षक यांची नोंद कोणत्याही शाळेच्या कागदावर नाही. निकाल शेवटच्या शाळेच्या खात्यावर जमा होतो आणि खर्च आधीच्या शाळेच्या व घराच्या खात्यावर पडतो. ही विभागणी ध्यानात न घेता केलेली शाळांची क्रमवारी हिशेबाच्या दृष्टीनेच चुकीची ठरते.

रजिस्टर आणि निकाल एकत्र वाचण्याची शिस्त पुढे याच विद्यार्थ्याने घालून दिली. मे १९२८ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने सायमन आयोगास सादर केलेल्या निवेदनात डॉ. आंबेडकरांनी वर उल्लेखिलेले १८८२ चे आकडे जातवार व टप्पेवार मांडले. क्रमांक १९१४ ही स्वतः ज्या आकडेवारीतील एक नगण्य भर होती, तिचे विश्लेषण त्याच हाताने झाले. दुसरा धागा बोले यांचा. १९०७ च्या सभेचे अध्यक्ष असलेल्या बोले यांनी ऑगस्ट १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात ठराव मंजूर करून घेतला, तो सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, न्यायालये, दवाखाने आणि शाळा अस्पृश्यांना खुल्या करण्याचा होता. मार्च १९२७ मध्ये महाडचा सत्याग्रह झाला, तो याच ठरावाच्या आधारे. साताऱ्याच्या शाळेतील नळ आणि महाडचे तळे यांच्यातील अंतर अशा रीतीने सव्वीस-सत्तावीस वर्षांचे आहे.

नंतरचे सातारा

दरम्यान साताऱ्यातच शाळेच्या विद्यार्थीवर्गाची कल्पना मुळातून बदलू लागली होती. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे छत्रपती शाहू बोर्डिंग असे नामकरण झाले. येथे सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत व एका पंक्तीत जेवत. सरकारी हायस्कुलाने दार उघडे ठेवले होते. रयतने मुलाला राहायला जागा, पोटाला अन्न आणि हाताला काम दिले. खेड्यातील मुलाच्या दृष्टीने निर्णायक गोष्ट हीच होती. १९४० मध्ये साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल निघाले आणि ज्या शेतकरी घरांची मुले राजवाड्यातील शाळेत तुरळक दिसत, ती या नव्या शाळेत मोठ्या संख्येने येऊ लागली.

स्वातंत्र्योत्तर काळात खाजगी अनुदानित व पुढे विनाअनुदानित शाळांचा विस्तार झाला. जिल्हा परिषदेकडे आलेल्या प्रतापसिंह हायस्कुलाची पटसंख्या अलीकडच्या दशकांत रोडावली. शाळेत येण्याचा हक्क ज्यांना पूर्वी नव्हता, त्यांच्यापर्यंत ती पोहोचली, तोवर ज्यांच्यासाठी ती निघाली होती ते अन्यत्र निघून गेले होते. मुंबईत महापालिका मार्गावरील इमारतीत आज एल्फिन्स्टन टेक्निकल हायस्कूल आहे. शहरातील धनिकांची मुले शोधण्यासाठी तेथे आता कोणी जाणार नाही. एकाच शाळेची १९०० ची आणि २००० नंतरची कामगिरी टक्केवारीने ताडून ‘दर्जा घसरला’ असे म्हणणे सोपे आहे. शंभर वर्षांत वर्गच बदलला असेल, तर ही तुलना एका शाळेची स्वतःशी नसून दोन वेगळ्या समाजगटांची आहे.

मीरा-भाईंदरची रजिस्टरे

या अभ्यासाचा उपयोग मीरा-भाईंदरसारख्या नगराला कसा होईल, हे आता पाहता येईल. साष्टीच्या उत्तर टोकाचा हा भाग दीर्घकाळ आगरी, कोळी व ख्रिस्ती वस्तीचा होता. मिठागरे, भातशेती आणि उत्तनकडची मासेमारी ही येथील उपजीविका. गावची मराठी शाळा म्हणजे प्रत्येक घराची शाळा होती. खारवटाची मुले आणि पाटलाची मुले एकाच पटावर असत. १२ जून १९८५ रोजी नगरपरिषद आणि २८ फेब्रुवारी २००२ रोजी महानगरपालिका झाली, तोवर लोकल गाडीच्या वाटेने मुंबईतील मध्यम व निम्न उत्पन्न गटांतील कुटुंबे, गुजरात-राजस्थानातील व्यापारी आणि उत्तर भारतातील कष्टकरी येथे स्थायिक झाले होते. १९९२-९३ च्या मुंबईतील दंगलींनंतर अनेक मुसलमान कुटुंबांनी मुंब्र्याप्रमाणेच मीरा रोडचाही आसरा घेतला. जनरल रजिस्टरातील ‘जन्मस्थान’ आणि ‘आधीची शाळा’ हे दोन रकाने वर्षावर्षाने वाचले, तर या साऱ्या हालचालींचा इतिहास जनगणनेहून अधिक बारकाईने हाती लागतो. दंगलीनंतरच्या जूनमध्ये मुंबईच्या कोणत्या वस्तीतील शाळांचे दाखले येथे आले, हे जनगणनेत सापडणार नाही.

अशा नगरात महापालिकेची एक मराठी शाळा आणि एक उर्दू अथवा हिंदी शाळा यांची तुलना करताना तीन गोष्टी पाहाव्या लागतात. पहिली, दोन्ही शाळा ज्या घरांतून मुले घेतात त्या घरांचे उत्पन्न, भाषा व वास्तव्याचा काळ. मराठी शाळेतून मराठी मध्यमवर्ग इंग्रजी माध्यमाकडे गेला असेल, तर तिचा आजचा वर्ग माध्यमाच्या नावाने सारखा असूनही मूळ गावकऱ्यांचा राहिलेला नसतो. तेथे घरी वेगळीच भाषा बोलणारी मुलेही असू शकतात. दुसरी, शाळा सोडल्याच्या नोंदी. बांधकामावर राबणाऱ्या कुटुंबाचे काम संपले की मूल पटावरून जाते. शिक्षकाने केलेल्या वर्षाच्या कामाचा पुरावा त्याच्याबरोबर जातो. तिसरी गोष्ट साताऱ्याच्या उदाहरणाशी थेट जुळणारी आहे. महापालिकांच्या प्राथमिक शाळा बहुधा सातवी-आठवीपाशी थांबतात, आणि त्यांच्या विद्यार्थ्यांचा दहावीचा निकाल कोणत्या तरी खाजगी माध्यमिक शाळेच्या नावावर लागतो. सात वर्षे शिकविणाऱ्या शाळेच्या वाट्याला कोणतीही टक्केवारी येत नाही. मग तिच्याकडे दाखवायला काहीच नाही, असा शेरा मिळतो आणि पट कमी झाला की समायोजनाची भाषा सुरू होते.

शिक्षण हक्क कायदा २००९ मध्ये झाला. त्यान्वये खाजगी विनाअनुदानित शाळांतील पंचवीस टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांसाठी राखीव झाल्या. त्यांचा लाभ घेण्यासाठी अर्ज भरणे, कागदपत्रे जुळविणे आणि सोडतीवर लक्ष ठेवणे ज्या पालकांना जमते, ते गरिबांतीलही अधिक जागरूक पालक असतात. त्यांची मुले गेल्यावर महापालिकेच्या वर्गात जे उरतात त्यांना शिकविणे अधिक कठीण असते, आणि कामगिरी मोजताना नेमका हाच बदल हिशेबात घेतला जात नाही.

२०१५ पासून राज्यात ‘सरल’ प्रणालीवर विद्यार्थ्यांची माहिती संगणकीकृत होत आहे. नव्या नोंदी त्यामुळे एका जागी येतील. जुनी रजिस्टरे मात्र कपाटांतच आहेत. मीरा-भाईंदरमध्ये गावठाणातील शाळांच्या दमट खोल्यांत ती वाळवीच्या व पावसाच्या हवाली आहेत. साताऱ्यातील एक रजिस्टर जपले गेले, कारण त्यातील एका ओळीचे महत्त्व नंतर कळले. इतर रजिस्टरांतील कोणत्या ओळी तशा ठरतील, हे आज कोणी ठरवू शकत नाही. म्हणून गावनिहाय, माध्यमनिहाय आणि वर्षनिहाय सर्वच रजिस्टरांचे छायाचित्रण करून घेणे हे स्थानिक महाविद्यालयांच्या इतिहास विभागांना सहज उचलता येईल असे काम आहे. पदव्युत्तर वर्गाच्या एका तुकडीला दोन उन्हाळी सुट्ट्यांत उत्तनपासून काशीगावपर्यंतच्या जुन्या शाळा पुऱ्या करता येतील.